ताल डोळ्यांनी धरता येत नाही

शाळेत लेझीम, कवायत आणि संमेलनाची गाणी बसवण्याचं काम ज्याच्याकडे असतं, त्याच्या कानावर एक शेरा वर्षभर पडत राहतो : "या पोराले तालच नाही." वर्गशिक्षक म्हणतात, पालक म्हणतात, आणि थोड्या दिवसांनी पोरगं स्वतःच म्हणू लागतं व मागच्या रांगेत जाऊन उभं राहतं. विदर्भातल्या तुमसर तालुक्यात, सिहोऱ्यापासून चुल्हाड-बपेऱ्याकडच्या गावांत हे काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं. हा शेरा बहुतेक वेळा चुकीचा असतो. मुलाला ताल असतो. आपण त्याला तो डोळ्यांनी धरायला लावतो, म्हणून तो सुटतो. हे मत मांडताना मी एखाद्या उस्तादाचा दाखला दिला असता तर ते शोभून दिसलं असतं. पण माझ्या म्हणण्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मला एका जपानी व्हिडिओ गेममध्ये सापडतो, तेव्हा तोच घेतलेला बरा.

निन्टेंडो कंपनीचा 'रिदम टेंगोकू' 3 ऑगस्ट 2006 रोजी जपानमध्ये 'गेमबॉय ॲडव्हान्स' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघाला. कल्पना त्सुंकू या संगीतकाराची. 'शाराम क्यू' या बँडचा हा गायक, 'मॉर्निंग मुसुमे' या गाजलेल्या मुलींच्या गटाचा निर्माता. 2015 साली त्याने जाहीर केलं, की घशाच्या कर्करोगामुळे त्याच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा आवाज कायमचा गेला; त्याच वर्षी या मालिकेचा चौथा भाग बाजारात आला. पहिला भाग जपानबाहेर गेलाच नाही. 2008 मध्ये 'डीएस' या यंत्रावर दुसरा आला, तो पुढच्या वर्षी अमेरिकेत 'रिदम हेवन' आणि युरोपात 'रिदम पॅराडाइज' या नावांनी पोचला. मग 2011 मध्ये टीव्हीला जोडायच्या 'वी'वर तिसरा, 2015 मध्ये 'थ्रीडीएस'वर चौथा. आणि मार्च 2025 मध्ये कंपनीने 'रिदम हेवन ग्रूव्ह' हा नवा भाग 2026 साठी जाहीर केला. एका भागात कित्येक छोटे खेळ असतात, प्रत्येक थोडक्या वेळाचा. कराटेवाल्याकडे कुंड्या उडत येतात, त्या ठोक्यावर फोडायच्या. भाजीवर उगवलेले केस चिमट्याने उपटायचे. एका खेळात जपानी उत्सवाच्या 'बोन ओदोरी' नाचातल्या टाळ्या द्यायच्या. चार-सहा खेळ झाले, की त्या सगळ्यांची सरमिसळ एकाच गाण्यात येते. सगळं काम एका बटणाचं, फार तर दोन; डीएसवर बटणाऐवजी लेखणीचं. चित्रं मुद्दाम खुळचट. सिहोऱ्याच्या बाजारात ही यंत्रं मिळत नाहीत. इथली मुलं हा खेळ मोबाइलवर दुसऱ्यांना खेळताना पाहतात. मी वापरतो तो एक जुना डीएस आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. संगीताचे बाकीचे गाजलेले गेम आठवून पाहा. 1996 चा 'पारापा द रॅपर', 1997 चा 'बीटमेनिया', 1998 चा 'डान्स डान्स रिव्होल्यूशन', 2005 चा 'गिटार हिरो'. यांतल्या बहुतेकांत पडद्यावर खुणा सरकत येतात आणि त्या ठरावीक रेषेला टेकल्या की बटण दाबायचं किंवा पाय टाकायचा. आवाज पूर्ण बंद केला तरी सरावलेला माणूस यांतले बरेचसे खेळू शकतो, कारण खेळ वाचनाचा आहे. 'रिदम टेंगोकू'चं उलट आहे. आवाज बंद करा, खेळ जवळपास कोसळतो. डोळे मिटा, बराचसा चालू राहतो. हे योगायोगाने झालेलं नाही. वीवरच्या भागात दोन प्राणी दोन विमानांत बसून बॅडमिंटन खेळतात. मध्येच एकाचं विमान लांब जातं, मध्येच ढग आडवे येतात आणि शटल दिसेनासं होतं. जो पडद्याकडे पाहून खेळत असतो तो तिथे हमखास चुकतो. जो मनात मोजत असतो त्याला ढग आले काय आणि गेले काय, फरक पडत नाही. खेळाने मुद्दाम डोळ्यांवर हात ठेवला आणि कान उघडे ठेवले. बनवणाऱ्यांनीही हे कागदावर शिकून केलेलं नव्हतं. त्सुंकूच्या आग्रहाखातर त्या चमूला नाचाच्या वर्गाला जाऊन स्वतःच्या अंगात ठोका मुरवावा लागला होता.

यामागचं गणित साधं आहे आणि ते प्रत्येक कवायत शिक्षकाला माहीत असायला हवं. दिवा लागलेला पाहून बटण दाबायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. आवाज ऐकून दाबायला थोडा कमी. लेझमीची लय मिनिटाला शंभर ठोके धरली, तर दोन ठोक्यांमध्ये सेकंदाच्या दशांश सहा एवढाच वेळ असतो. म्हणजे जो मुलगा आधी 'पाहून' मग हलतो, तो प्रत्येक ठोक्याला तिसऱ्या हिश्शाने मागे राहणार, आणि कितीही मेहनत केली तरी राहणार. हातपाय मंद नसतात, रीतच मंद असते. जो वेळेवर पोचतो तो ठोका ऐकून हलतच नाही. पुढचा ठोका कधी येणार हे आधीच धरून तो निघालेला असतो. एकसारख्या टिकटिकीबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेक माणसांचं बोट टिकटिकीच्या किंचित आधीच पडतं, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. ताल म्हणजे हा पुढचा अंदाज. डोळा तो देऊ शकतो, पण कानाइतका चोख नाही, आणि शेजाऱ्याच्या हाताकडे लावलेला डोळा तर मुळीच नाही.

आपल्या शाळांत आपण नेमकं काय करतो? लेझमीच्या रांगेत पुढे चांगली मुलं उभी करतो आणि मागच्यांना सांगतो, "पुढच्याकडे पाहा." चार आवाज, पवित्रा, दो रुख, सगळं पाहून शिकवलं जातं. पुढचा वेळेवर, मागचा पाहून उशिरा, त्याच्या मागचा त्याला पाहून आणखी उशिरा. शिवाय मैदानाची स्वतःची एक अडचण आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. हलगी एका टोकाला आणि शेवटची रांग 34 मीटरवर असेल, तर त्या रांगेला ठोका दशांश एक सेकंद उशिरा ऐकू येतो. ऐकण्यातला हा उशीर आणि पाहण्यातला तो उशीर यांची गल्लत झाली, की मागची मुलं कधी कानाचं ऐकतात, कधी डोळ्याचं, आणि आपण लांबून म्हणतो, बेताल. वाद्य मैदानाच्या मधोमध आणलं, की निम्मा घोळ न बोलता मिटतो. संमेलनाची तऱ्हा तर याहून वाईट आहे. रंगमंचाखाली, पहिल्या रांगेच्या समोर, मॅडम किंवा सर उभे राहून सगळा नाच करून दाखवत असतात आणि वरची पोरं त्यांच्याकडे टक लावून नक्कल करतात. स्पीकरवर गाणं एवढं मोठं वाजत असतं, की छातीत धडधडावं. ते ऐकत मात्र कोणी नसतं. प्रेक्षकांतले पालक व्हिडिओ काढतात. तो नंतर पाहिला तर कळतं, की मंचावरचं प्रत्येक पाऊल गाण्याच्या अर्धा ठोका मागे आहे. मुलं गाण्यावर नाचलेलीच नसतात, मॅडमवर नाचलेली असतात.

डीएस मुलांच्या हातात दिला की जे दिसतं ते याच्याशी जुळतं. ज्यांच्यावर 'ताल नाही' असा शिक्का आहे त्यांतली बरीच मुलं सुरुवातीला पडद्याला नाक लावून खेळतात आणि आपटतात. डोळे मिटून, फक्त आवाजावर खेळायला सांगितलं, की त्यांतली पुष्कळशी बरी खेळू लागतात. सगळी नाही. पण पुष्कळशी. पहिल्या भागातल्या चिमट्याच्या खेळाची रचना तर आपल्या माणसाला सांगावीही लागत नाही. एका आवर्तनात केस उगवतात, प्रत्येकाबरोबर एक ठोका वाजतो. पुढच्या आवर्तनात तोच नमुना आपण उपटून दाखवायचा. आधी ऐका, मग द्या. विदर्भातल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात हेच चालतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजेरी हाती घेऊन गावागावांत जे भजन रुजवलं, त्यात पुढचा म्हणतो, मागचे झेलतात, आणि झेलताना कोणी कोणाच्या हाताकडे पाहत नाही. पाहण्यासारखं तिथे काही नसतंच. या बैठकीत लहानपणापासून बसलेलं मूल लेझमीतही वेगळं ओळखू येतं. डीएसवरचा एक खेळही मला फार कामाचा वाटतो. तीन मुलांचा गायकवृंद आहे, आपण तिसरे. पडद्यावर लेखणी टेकवलेली असेपर्यंत आपलं पात्र गप्प राहतं; उचलली की गातं. म्हणजे सूर कधी सुरू झाला याइतकंच तो कधी थांबला हेही मोजलं जातं. आपण मुलांना वाजवायला शिकवतो, थांबायला शिकवत नाही; टाळ दाबून बंद करण्याची वेळ चुकली, की सगळ्या भजनाचा चिखल होतो. त्याच भागात लेखणीने झटका देण्याची जी क्रिया आहे ती मात्र मला पटत नाही. हात वेळेवर असूनही यंत्राला कधीकधी तो झटका कळत नाही, आणि शिकणाऱ्याला खोटा निकाल देण्यासारखं वाईट काही नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो जुन्या माणसांकडून, आणि तो वजनदार आहे. आमच्या या झाडीपट्टीला ताल शिकवायला जपानी खेळणं लागावं? दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, रात्र-रात्र दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं पाहिलेल्या मुलखात? ढोलकी, तुणतुणं, टाळ आणि शाहिराचा आवाज यांच्यावर तर इथल्या पिढ्या वाढल्या. रोवणीला वाकलेल्या बायका चिखलात पऱ्हे लावताना झाडीबोलीत आणि पोवारीत गाणी म्हणायच्या, तेव्हा हात आपोआप एका चालीत पडायचे; त्यांना कोणी वर्ग घेऊन शिकवलं नव्हतं. सगळं खरं. झाडीपट्टीतले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा इथल्या रंगभूमीकडे उरलेल्या महाराष्ट्राने क्षणभर पाहिलं. आपण तर ती अंगणात पाहिलेली आहे. पण या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरली जाते, की आजचं मूल अजूनही त्या रात्रीच्या बैठकीत बसतं. बसतं का? मंडई आहे, नाटकं आहेत. मूल मात्र बहुतेक वेळा त्या गर्दीत हातात मोबाइल घेऊन फिरतं, आणि वरातीत, विसर्जनात त्याच्या वाट्याला डीजे येतो, ज्यात वाजवणारा कोणी नसतोच. जे नकळत शिकलं जात होतं ते नकळत शिकलं जाईनासं झालं, तर ते कळून शिकवावं लागतं. गेम परंपरेच्या जागी बसवा असं मी म्हणत नाही. परंपरेत जे आपोआप घडायचं ते नक्की काय होतं, हे त्या गेममध्ये सुटं करून दाखवलेलं आहे, एवढाच माझा दावा. ते होतं कान आधी आणि डोळा मागाहून.

दुसरा आक्षेप वाजवणाऱ्यांचा. यंत्राचा ठोका निर्जीव असतो. आपली लय श्वास घेते, चढते, शाहीर रंगात आला की ढोलकी त्याच्या मागे जाते. शिवाय ताल म्हणजे नुसता ठोका नाही. त्याला सम आहे, भरी आहे, खाली आहे. केरव्याच्या आठ मात्रा आणि दादऱ्याच्या सहा मात्रा यांत फक्त आकड्याचा फरक नसतो, वजनाचा असतो. या आक्षेपातला दुसरा भाग मी पूर्ण मान्य करतो. त्या खेळात खालीची जाण नाही, आणि एका बटणात ती मावणारही नाही. बोल म्हणून, हाताने टाळी-खाली दाखवून ठेका पाठ करण्याची आपली पढंतीची रीत त्याहून कितीतरी पुढची आहे. पहिल्या भागाचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. खेळातही लय बदलते, सरमिसळीच्या गाण्यांत तर अचानक बदलते. पण यंत्र कधीही आपल्यासाठी थांबत नाही. दंडारीत समोरासमोरच्या दोन रांगांत टिपरी समोरच्याच्या टिपरीवर पडते. तो जरा पुढे गेला तर मी जरा पुढे जातो, मी मागे राहिलो तर तो थोडा धरतो. दोन माणसं एकत्र ठोका धरतात तेव्हा दोघंही प्रत्येक ठोक्याला नकळत एकमेकांकडे सरकत असतात, हेही प्रयोगांनी दाखवलेलं आहे. ही देवघेव गेममध्ये शून्य. एकट्याने गेम खेळून तरबेज झालेलं मूल टिपरीला उभं राहिलं, की पहिल्यांदा ताठ असतं. त्याला वाटतं आपण बरोबर आहोत म्हणजे झालं. ही मर्यादा लहान नाही. पण क्रम लक्षात घ्या. ज्याला स्वतःचा ठोका आत धरता येत नाही त्याच्यापाशी समोरच्याला द्यायला काही नसतं. तो नुसता घेत राहतो, आणि उशिरा घेत राहतो.

काही मुलांना खरोखरच ताल कळत नसेल, असं एक शास्त्रीय वाटणारं म्हणणं असतं. अशी माणसं आहेत. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये 2011 साली संशोधकांनी एका तरुणाची नोंद केली, ज्याला सूर कळत होते, पण गाण्याचा ठोका पकडता येत नव्हता. पण अशा एका माणसाचा स्वतंत्र शोधनिबंध होतो, यातच तो किती दुर्मिळ आहे ते आलं. दुसरीकडे, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जन्मून दोन-तीन दिवस झालेल्या बाळांना झोपेत ढोलाचा नमुना ऐकवला आणि मधूनच पहिला, महत्त्वाचा ठोका गाळला. बाळांच्या मेंदूने तो गाळलेला ठोका टिपला. दोन दिवसांचं बाळ समेची वाट पाहत असेल, तर सहावीतल्या मुलाला ताल नाही असं म्हणताना आपण जरा थांबायला हवं. इथे त्या खेळाची निकाल देण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. सुरुवातीच्या भागांत गुणांचा आकडा नाही. पुन्हा करून बघा, चाललं, उत्तम, अशा अर्थाचे तीनच शेरे, आणि खेळाआधी छोटा सराव. एखाद्या खेळात वारंवार अडकलं, तर कॉफीच्या दुकानातलं एक पात्र म्हणतं, राहू दे, पुढच्याकडे जा. पुढे जाता येतं, मागे परतही येता येतं. आमच्याकडे अडकलेल्याला थेट रांगेबाहेर काढतात, आणि बाहेर काढलेला परत येत नाही.

राहिला पडद्याचा आक्षेप. मुलं आधीच मोबाइलमध्ये बुडालेली, त्यात शाळेनेच आणखी एक गेम द्यायचा? अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने 2006 मध्ये आपल्या 765 सरकारी शाळांत 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' आणण्याचं ठरवलं होतं, मुलांचं वजन कमी व्हावं म्हणून. तसलं काही मी सुचवत नाही. तो बाणांकडे पाहून पाय टाकण्याचा खेळ; घाम येईल, ताल येईलच असं नाही. मोबाइलवर तालाचा गेम खेळणंही मला फारसं उपयोगाचं वाटत नाही, त्याचं कारण नैतिक नाही, तांत्रिक आहे. बिनतारी इयरफोनमध्ये आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो. आजच्या मोठ्या टीव्हीवर चित्र प्रक्रियेत अडकून उशिरा उमटतं, म्हणूनच असल्या बऱ्याच गेममध्ये उशीर जुळवून घेण्याची सोय द्यावी लागते. हा उशीर मुलाच्या नावावर मांडला जातो. म्हणजे जो खोटा शेरा मला पुसायचा आहे तोच नव्याने छापला जाणार.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभराहून अधिक मुलं असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन शिक्षक द्यावेत असं लिहिलेलं आहे. नेमणुका पुऱ्या होवोत वा न होवोत, या कामाला लागणारं साहित्य फुकट आहे. गेममधून घ्यायची ती रीत, आणि ती दोन तळहातांवर चालते. मुलांना गोल बसवा, डोळे मिटायला लावा, एकाने नमुना वाजवावा, बाकीच्यांनी परत द्यावा. मधेच एक ठोका गाळा आणि तो सगळ्यांनी मनात मोजावा. मग थांबायचा सराव, मग लय वाढवायचा. जोड्या पाडून टिपऱ्या द्यायच्या त्या सगळ्यात शेवटी. लेझीम बसवताना वाद्य मध्ये ठेवा आणि "पुढच्याकडे पाहा" हे वाक्य तोंडातून काढू नका. डिसेंबर-जानेवारीत संमेलनाच्या तयारीला लागणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती एकच आहे : या वर्षी रंगमंचाखाली उभं राहून नाच दाखवू नका. त्याऐवजी पावलं शिकवण्याआधी गाण्याची टाळी मुलांना डोळे मिटून देता येते का ते तपासा, आणि येत नसेल तर पावलं पुढच्या आठवड्यावर ढकला.